पाचव्या मजल्याचा कठडा

१

थोरला गवंडी पाचव्या मजल्यावरून पडला, तेव्हा त्याच्या कमरेला पट्टा होता. पट्ट्याचा हूकही लावलेला होता. ज्या पाइपाला तो लावला होता, तो पाइपच त्याच्याबरोबर खाली आला.

हे पावणेआठला घडलं. तपासनीस बाई साडेनवाला पोहोचल्या, तोवर त्याला दवाखान्यात हलवलं होतं आणि तिथून तो गेल्याचा फोनही येऊन गेला होता. बावीस गवंडी कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून ओळीत बसले होते. समोर सात मजल्यांची इमारत उभी होती, तिच्या अंगावर तळापासून माथ्यापर्यंत लोखंडी परांची, आणि परांचीवर हिरवी जाळी. वारा आला की जाळी फुगे आणि सगळी परांची कुरकुरे. तो आवाज आला की बावीस माना एकदम वर जात.

बाईंचीही गेली. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो परांच्या तपासल्या होत्या, आणि दर वेळी पहिल्या शिडीवर पाय ठेवायची त्यांना भीती वाटे. नोकरी लागल्यावर तिसऱ्याच महिन्यात त्यांच्या पायाखालची फळी सरकली होती आणि त्या दोन हातांवर लोंबकळत राहिल्या होत्या. किती वेळ, ते त्यांना आजही सांगता आलं नसतं. ही गोष्ट त्यांनी घरी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

इंजिनिअरने कागद तयारच ठेवला होता. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात, असं त्यात लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की थोरला कठड्यावर रेलून बाहेर वाकला, भार जास्त झाला आणि पाइप मोडला. बाईंनी तो पाइप मागवला. सहा फुटांचा पाइप जमिनीवर ठेवून त्या त्याच्याशेजारी उकिडव्या बसल्या, दोन्ही टोकं पाहिली, मधून हात फिरवला. कुठे वाक नव्हता, चीर नव्हती.

"हा मोडलेला नाही," त्या म्हणाल्या. "हा निसटलाय."

गवंड्यांना विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगितलं. थोरल्याइतका जपून वागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शिडी हलवून बघितल्याशिवाय तो वर पाय ठेवत नसे. शिडीच्या पायथ्याशी कार्ड टांगलेलं असतं. लाल असलं तर कुणी चढायचं नाही, हिरवं असलं तर चढायचं. थोरला ते कार्ड हातात घेऊन, त्यावरची तारीख वाचून मगच चढायचा. नव्या पोरांना तो हसत सांगायचा, की बायकोचं मन एक वेळ उशिरा वाचलं तरी चालेल, कार्ड आधी वाचा.

बाई शिडीपाशी गेल्या. कार्ड तिथेच टांगलेलं होतं. हिरवं. त्यावर आजची तारीख होती आणि खाली परांचीच्या मुकादमाची सही.

म्हणजे कुणीतरी आज सकाळी ही परांची सुरक्षित आहे असं लिहून दिलं होतं, आणि ते वाचून एक माणूस मरायला वर गेला होता.

मुकादमाला बोलवा, असं त्यांनी सांगितलं. सगळे त्याला मामा म्हणत. वॉचमनने इकडेतिकडे पाहिलं, मग मान खाली घातली. आठ वाजल्यापासून मामांना कुणी पाहिलं नव्हतं.

२

मामांची डब्याची पिशवी खुंटीला होती. बाहेर घालायच्या चपला तिच्याखाली होत्या. थोरल्याला घेऊन गाडी गेली तसं फाटक आठला बंद केलेलं, त्यानंतर बाहेर कुणी गेलेलं नाही, असं वॉचमन शपथेवर सांगत होता.

सामानाच्या खोलीत फळ्यांची चळत होती. तिच्यामागे, भिंत आणि फळ्यांच्या मधल्या हातभर जागेत, मामा गुडघे पोटाशी घेऊन बसलेले सापडले. साठीचा माणूस, पण बाईंनी टॉर्च मारला तेव्हा त्यांनी लहान मुलासारखे दोन्ही हात डोक्यावर घेतले. बाहेर दोन गवंडी त्यांचे हात मोडायची भाषा करत होते, ती त्यांनी ऐकली होती.

बाईंनी दार आतून लावलं आणि त्या समोर जमिनीवरच बसल्या. मामा हळूहळू सांगू लागले. काल संध्याकाळी फेरी मारताना ते पाचव्या मजल्यावरच्या खोलीतून बाहेर वाकले होते. परांची भिंतीला धरून ठेवणारे आखूड पाइप असतात, त्यांना टाय म्हणतात. तिथले चार टाय गायब होते. कठडा जागेवर दिसत होता, पण त्याचे पाइप धरून ठेवणाऱ्या क्लँपचे नट हाताने फिरत होते. अंधारून आलेलं, जवळ जादा क्लँप नाहीत. म्हणून त्यांनी खाली येऊन हिरवं कार्ड काढलं, लाल टांगलं, आणि सकाळी लवकर येऊन दुरुस्ती करायचं ठरवलं. सकाळी ते शिडीकडे न जाता थेट इथे येऊन क्लँप मोजून घेत होते, तेव्हा आवाज आला.

"पोतं पडलं तर वेगळा आवाज येतो," मामा म्हणाले. "मी धावत बाहेर गेलो. तो पडलेला, आणि शिडीला हिरवं कार्ड. माझं लाल कार्ड नव्हतंच. मला वाटलं, माझं डोकं फिरलं."

"मग लपलात कशाला?"

"सही माझी दिसत होती, बाई. कोण विश्वास ठेवणार?"

त्यांनी शिडीच काढून ठेवायला हवी होती, हे ते तीनदा म्हणाले. आणि ते खरंच होतं.

त्यांनी जुन्या कार्डांचा गठ्ठा मागितला. मागच्या चार महिन्यांची कार्डं होती. एकूण एक कार्डाच्या कोपऱ्यात काळा, तेलकट अंगठा उमटलेला. मामा दिवसभर क्लँपना ग्रीस लावत, आणि त्याच हातांनी कार्ड धरत. बाईंनी आजचं हिरवं कार्ड उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. ते कोरं करकरीत होतं. सहीच्या वळणाची नक्कल बरी जमली होती, पण हात दुसऱ्याचा होता.

मामांनी हात पुसून कार्ड लिहिलं असेल, असंही कुणी म्हणू शकलं असतं. पण मग ते लाल कार्ड गेलं कुठे?

फाटक बंद होतं. ज्याने कार्ड बदललं, तो आत्ता, या क्षणी, याच आवारात होता. खोलीतून बाहेर पडताना बाईंना सगळ्या नजरा आपल्यावर लागल्यासारख्या वाटल्या, आणि त्यांतली एक नजर इतरांपेक्षा वेगळ्या कारणाने लागलेली होती.

३

इंजिनिअर साडेआठला आल्याची नोंद फाटकावर होती. कार्ड बदललं गेलं ते पावणेआठच्या आधी. म्हणजे हात त्याचा नव्हता. तरी तो रुमालाने सारखा मान पुसत होता.

पाचव्या मजल्याच्या त्या खोलीत काल कोण काम करत होतं, असं बाईंनी विचारलं. आधी तो म्हणाला, कुणी नाही. मग म्हणाला, हां, पाण्याची टाकी बसवली तिथे. टाकी वर कशी नेली, असं विचारल्यावर त्याने क्षणभर बाईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"जिन्याने. सहा जणांनी उचलून."

कुठले सहा जण, ते त्याला आठवत नव्हतं. बाईंनी गवंड्यांना विचारलं. काल दुपारनंतर ते सगळे, मामाही, इमारतीच्या मागच्या बाजूला होते, त्यांनी टाकी वर जाताना पाहिलीच नव्हती. वॉचमन काल दुपारी कामावर नव्हता; तो एवढंच म्हणाला, की सकाळी सातला नेहमीप्रमाणे धाकटा आला, साडेसातला मामा, मग गवंडी.

धाकटा म्हणजे थोरल्याचा भाऊ. तो इथे नळकाम करायचा. पाण्याची मोटार सकाळी त्यालाच चालू करावी लागे, म्हणून तो सगळ्यांच्या आधी येई. भावाला दवाखान्यात सोडून तो परत आला होता. का आलास, असं कुणी विचारलं नव्हतं. पिंपाच्या कडेला तो भावाचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यावरचा सिमेंटचा वाळलेला थर नखाने खरवडत होता.

बाईंना वर जायचं होतं. परांचीवरून जायचा प्रश्नच नव्हता. आतल्या जिन्याने जाऊन खोलीतून पाहायचं. सोबत कुणीतरी हवं होतं. मामांना खोलीबाहेर पडायची भीती वाटत होती, गवंड्यांनी माना फिरवल्या, इंजिनिअरला महत्त्वाचा फोन आला.

"मी येतो," धाकटा म्हणाला. "माझा भाऊ कुठून पडला ते मला बघायचंय."

त्याचा चेहरा पाहून बाईंना भडभडून आलं. पट्टा घाल, एवढंच त्या म्हणाल्या.

४

जिन्याला अजून कठडा नव्हता. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसती पोकळी. बाई भिंतीला तळवा घासत चढत होत्या. तिसऱ्या मजल्यावर जिना वळतो तिथे थांबल्या, टेप काढून वळणाची रुंदी मोजली. साडेतीन फूट. मागे धाकट्याच्या पावलांचा आवाजही थांबला. त्याने काय मोजता, असं विचारलं नाही.

पाचव्या मजल्यावरच्या खोलीत टाकी होती. एकसंध जाड पत्र्याची. बाईंनी तिला तिन्ही बाजूंनी टेप लावला. सगळ्यांत अरुंद बाजू पाच फूट दोन इंच भरली.

ही टाकी जिन्याने आलेली असणं शक्यच नव्हतं. ती बाहेरून आली होती, क्रेनने, समोरच्या मोठ्या भोकातून, जिथे पुढे गॅलरीचं दार बसणार होतं. आणि त्या भोकासमोर परांची उभी होती. टाकी आत घ्यायची तर आधी कठडा काढावा लागणार, फळ्या काढाव्या लागणार, मधे येणारे टायही काढावे लागणार. मग कुणीतरी ते सगळं परत लावलं होतं. दिसायला परत लावलं होतं.

भोकाजवळ जायच्या आधी बाईंनी पिशवीतला दोर बाहेर काढला. त्यांनी खोलीतल्या खांबाला दोर गुंडाळला, आपल्या पट्ट्याला बांधला, गाठ तीनदा ओढून पाहिली. मग गुडघ्यांवर बसून पुढे सरकल्या. खाली ओरडून त्यांनी परांचीखालची जागा मोकळी करायला सांगितलं.

वारा आला. जाळी फुगली आणि परांची भिंतीपासून दूर गेली. फक्त वीतभर. मधल्या फटीतून खालची जमीन दिसली, तिच्यावर टाकलेली वाळू दिसली. मग परांची परत आली आणि भिंतीला ठक्कन टेकली. पुन्हा गेली. पुन्हा टेकली. बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि हात लांब करून कठड्याचा रिकामा क्लँप चाचपला.

नट धड होता. आटे झिजलेले नव्हते. पण त्याच्या सहाही कडांवर बारीक बारीक खाचा होत्या, कुणी दातांनी चावल्यासारख्या. शेजारच्या, कुणी हात न लावलेल्या क्लँपचा नट त्यांनी पाहिला. तो गुळगुळीत होता. मामांचा पाना नटावर टोपीसारखा बसतो, त्याने ओरखडासुद्धा उठत नाही. असे दात फक्त एकाच पान्याला असतात. गोल पाइप पकडायच्या पान्याला.

मामांचा हात नव्हता, इंजिनिअरचा नव्हता. गवंड्यांकडे असला पाना असायचं कारणच नव्हतं.

बाई हळूच मागे वळल्या. धाकटा तीन पावलांवर उभा होता. त्याच्या पट्ट्यात दातेरी जबड्याचा पाना खोचलेला होता. पट्ट्याचा हूक कशालाच लावलेला नव्हता, नुसता लोंबत होता.

त्याने त्यांच्या हाताखालच्या नटाकडे पाहिलं. मग तो त्यांच्या बाजूने पुढे गेला, उंबरा ओलांडला, आणि बाहेर फळ्यांवर जाऊन उभा राहिला.

५

फळी वाकली. परांची सगळ्या अंगाने कण्हली.

बाईंना पहिल्यांदा वाटलं ते हे, की तो आपल्याला ढकलणार होता. मग त्याची पाठ पाहून कळलं, की त्याला त्यांच्याशी काही घेणंदेणं उरलेलं नाही. जिथला कठडा गेला होता त्या मोकळ्या जागेसमोर तो उभा होता आणि खाली पाहत होता.

"मला वाटलं सकाळी घट्ट करीन," तो म्हणाला. इतक्या हळू, सपाट आवाजात, की बाईंना ते जेमतेम ऐकू आलं.

क्रेन तासाभरासाठीच मिळाली होती. इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, मामांना विचारत बसू नकोस, ते दोन दिवस घालवतील, तूच खोल. त्याने खोललं. टाकी आत आली. क्रेन गेली, उजेड गेला. त्याने पाइप जागेवर ठेवून नट हाताने फिरवले. टाय सकाळी लावू म्हणून टाकीमागे टाकले. सकाळी सातला आला तर शिडीला लाल कार्ड. त्याने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, आज गिलावा थांबता कामा नये, ते लाल काढ, हिरवं लाव, मामांची सही तुला येते. मी आल्यावर बघतो.

"मी म्हटलं, गवंड्यांचं काम तर मागच्या बाजूला आहे. इकडे कोण येणार? मोटार चालू करून वर जाईन आणि दहा मिनिटांत नट आवळीन. मोटार सुरू होईना. मी तिच्यात डोकं घालून बसलो होतो."

थोरला पुढच्या बाजूला आला होता, कारण काल सकाळी केलेला तिथला कोपरा त्याच्या मनासारखा झाला नव्हता. त्याने कार्ड वाचलं. शिडी हलवून पाहिली. वर गेला, हूक लावला.

वारा पुन्हा आला. फट उघडली. धाकट्याचा डावा पाय अर्धा फळीबाहेर होता.

त्यांना खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत रांगत जावं आणि तिथेच बसून राहावं असं वाटत होतं. त्याऐवजी त्यांनी दोराचं उरलेलं टोक ओढून घेतलं, त्याला आपल्या पिशवीतला दुसरा हूक अडकवला आणि उंबऱ्यावरून बाहेर वाकल्या. पायाखाली पाच मजले होते. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या फळीचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येत होता.

"हा हूक पट्ट्याला लाव," त्या म्हणाल्या.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"ऐक. तू खाली गेलास तर मामा तुरुंगात जातील. कार्डावर त्यांची सही आहे. साहेबांचा फोन तुझ्याशिवाय कुणी ऐकला नाही. नट चावलेत म्हणून मी ओरडत राहीन, आणि साहेब म्हणतील, धाकटा गेला, आता त्याला विचारा."

त्याने मागे वळून पाहिलं.

"आणि वहिनीला काय सांगायचं? कोण सांगणार? मी तिला ओळखतही नाही."

बाईंचा हात थरथरत होता आणि त्या हातातला हूक पाइपावर टकटक वाजत होता. धाकट्याने तो हात पाहिला. बहुतेक त्याला तेव्हा कळलं, की ही बाई त्याच्याइतकीच घाबरली आहे आणि तरीही मागे हटत नाही. त्याने दोन बोटांनी हूक घेतला. पट्ट्याला लावला. खट् असा आवाज आला, आणि बाईंनी दोर ओढून त्याला आत घेतलं, तशी दोघं टाकीला धडकून खाली बसली.

मग धाकट्याने शर्टाच्या आतून चार घड्या घातलेलं एक कार्ड काढून बाईंच्या पुढ्यात ठेवलं. लाल. कोपऱ्यात काळा, तेलकट अंगठा.

६

खाली आल्यावर इंजिनिअरने आधी फोन झालाच नाही असं सांगितलं. बाईंनी धाकट्याच्या मोबाइलवरची सात वाजून नऊ मिनिटांची नोंद त्याच्यासमोर धरली. मग तो म्हणाला, फोन मोटारीबद्दल होता. बाईंनी त्याला जिन्याची रुंदी सांगितली, टाकीची सांगितली, आणि ते सहा जण कोण होते ते पुन्हा विचारलं. तो खुर्चीवर बसला. निष्काळजीपणाचा कागद त्याने स्वतःच फाडायला घेतला, तेव्हा बाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि पुराव्याच्या पाकिटात घातला.

पोलीस यायला पाऊण तास होता. त्याआधी वहिनी आली.

ती दवाखान्यातून थेट आली होती. शेजारीण सोबत होती, तिला तिने दाराबाहेरच थांबवलं. ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बाई होत्या, मामा होते, कोपऱ्यात धाकटा होता. तिने आधी मामांकडे पाहिलं. सगळ्यांनी तिला वाटेत मामांचंच नाव सांगितलं होतं. मामांनी हात जोडले.

"मामा नाहीत," धाकटा म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. टाकी, क्रेन, नट, फोन, कार्ड, मोटार. कुठे थांबला नाही, कुठे स्वतःची बाजू घेतली नाही. साहेबांचं नाव आलं तिथे तो म्हणाला, त्यांनी सांगितलं, पण हात माझा होता. वहिनी उभीच होती. तिच्या हातात नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी होती, दवाखान्यातून दिलेली, आणि बोलणं ऐकताना ती तिचा बंद घट्ट गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

त्याचं बोलून झालं. बाहेर बाईंनी बोलावून घेतलेली मामांची माणसं जाळी उतरवायला लागली होती, तिचा सळसळाट येत होता.

"त्याने कार्ड वाचलं होतं?" वहिनीने बाईंना विचारलं.

"वाचलं होतं. हूकही लावला होता. त्यांचं काही चुकलं नाही."

ती खाली बसली. रडली नाही. धाकट्याने तिच्या पायाशी वाकायला म्हणून एक पाऊल टाकलं, तर तिने हात पुढे करून त्याला थांबवलं.

"माझ्याकडून आत्ता काही मागू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे काही नाही."

मग तिने त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही भावांचा जबडा सारखाच होता, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. बाहेर पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज आला.

"पोरं शाळेत आहेत," वहिनी म्हणाली. "घरी आली की विचारतील, बाबा कसे पडले. मी सांगीन, काकाला माहीत आहे, तो येऊन सांगेल. कितीही वर्षं लागू देत. मी दुसरं काही सांगणार नाही आणि कुणाला सांगूही देणार नाही. तू यायचंस, त्यांच्यासमोर बसायचंस, आणि आत्ता मला सांगितलंस तसंच सांगायचंस."

धाकट्याने होकारार्थी मान हलवली. तिने पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन पोलिसांसाठी दार धरून ठेवलं.